पट, हजर, गैरहजर

रजिस्टर उघडलं की आधी वाळवीची माती सांडते, मग अक्षरं दिसतात. २०२३ चा नोव्हेंबर आहे. मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून मराठवाड्यातल्या शाळांची जुनी कपाटं उघडली गेली आहेत आणि निजाम काळातल्या कुणबी नोंदी हुडकायला दाखल-खारीजची बाडं टेबलावर आली आहेत. तुम्हीही आज्याचं नाव शोधत जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत येऊन बसला आहात. (गावाचं नाव विचारू नका. बहात्तरच्या दुष्काळात अशी गावं पावलापावलावर होती, त्यांतलं कुठलंही धरा.) सुरुवातीची पानं उर्दूत, उजवीकडून डावीकडं, फसली सनाची. ती वाचणारे चाचा दुपारनंतर येणार. तोवर तुम्ही पुढची, मराठीतली पानं चाळता.

शेवटचा रकाना आहे, शाळा सोडल्याचे कारण. एका पानावर एकाच हाताची अक्षरं खालोखाल उतरली आहेत. गाव सोडले. गाव सोडले. सतत गैरहजर. गाव सोडले. घरकाम. गाव सोडले. तारखा बघता, तर सगळ्या १९७२ च्या हिवाळ्यातल्या. त्या अक्षरांवरून बोट फिरवता आणि बोटाला शाई लागते. ओली.

सोमवार, ११ डिसेंबर १९७२. थंडी अशी की दारातलं ऊन अडवून उभं राहाल तर पोरं तुम्हाला बाजूला ढकलतील. तुम्ही त्यांना दिसत नाही, हे तुमचं नशीब. खोल्या दोन, पण दुसऱ्या खोलीला कडी आहे, कारण दुसऱ्या गुरुजींना दुष्काळी कामाच्या मस्टरवर लावलंय. म्हणून पहिली ते चौथी एकाच खोलीत. पहिली-दुसरी खिडकीच्या भिंतीकडं तोंड करून, तिसरी फळ्याकडं, चौथी दाराशी, म्हणजे गुरुजी बाहेर गेले तर चौथीनं पहिलीला दटावायचं. बसायला तरटाची पट्टी, तीही सगळ्यांना पुरत नाही. पिशव्या युरियाच्या रिकाम्या पोत्यातून शिवलेल्या. अंगावर सदरा, त्यावरून मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, गळ्यामागं गाठ मारलेला.

भिंतीवर परभणी जिल्ह्याचा नकाशा आहे. नीट बघा, कारण हा जिल्हा तुम्ही पाहिलेला नाही. हिंगोली, कळमनुरी, वसमत सगळी आत आहेत, पश्चिमेला परतूरसुद्धा. परतूर नऊ वर्षांनी नव्या जालना जिल्ह्यात जाईल, हिंगोली १९९९ ला स्वतंत्र होईल. नकाशात वर निळ्या खडूनं एक फुगवटा काढलाय, तो येलदरीचा तलाव. धरण पुरं होऊन चार वर्षं झाली. ते आहे जिंतूर तालुक्यातच, पण पाणी खाली जातं, वसमतकडं, नांदेडकडं. डोंगरावरच्या या गावाला त्याचा उपयोग नकाशात रंगवण्यापुरता.

प्रार्थना होते. मग हजेरी, आणि इथं जरा कान द्या. गुरुजी नाव घेतात, पोरगं ‘हजर’ म्हणतं, ही झाली निम्मी हजेरी. उरलेल्या निम्म्या नावांना दुसरंच कुणीतरी उत्तर देतं.

“गेला, गुर्जी.”

“कुठं?”

“ऊस तोडाया. नगरकडं. परवाच्या रात्री बैलगाडीनं गेले समदे.”

पुढचं नाव.

“तिची माय खडीवर हाय. ती लेकरू सांभाळायली.”

“हिचं काय?”

“तिचा आजा मेला, गुर्जी.”

“कधी?”

“काल.”

“आणि हा?”

कुणीच बोलत नाही. मग पहिलीतला एक बारका, ज्याला कुणी विचारलेलं नाही, तो भिंतीकडं तोंड करूनच सांगतो, “त्यांचा बैल इकला. त्याचा बाप रडायला होता.” बैल विकण्याचा आणि शाळेत न येण्याचा संबंध काय, हे गुरुजी विचारत नाहीत. तुम्हीही विचारू नका. बैल गेला म्हणजे शेत गेलं, शेत गेलं म्हणजे आठ दिवसांत घराला कुलूप. पहिलीतल्या पोराला हे बरोबर कळलंय.

दैनिक ‘मराठवाडा’ इथं एसटीनं दुसऱ्या दिवशी येतो, तोही एकच अंक, सरपंचांच्या ओसरीवर. अनंत भालेरावांचा अग्रलेख गुरुजी न चुकता वाचतात. पण या गावात काय झालं, हे त्या अंकात नसतं. ते रोज सकाळी अकराला या खोलीत जाहीर होतं, गैरहजरांच्या नावांनी. कुणी घर सोडून पुण्याला गेला, अमक्याकडं चूल पेटली नाही, तमकीचं लग्न उरकलं; सगळं ‘गैरहजर’ या एका शब्दाखाली जमा. जिल्ह्याच्या कुठल्याही कचेरीत बहात्तर सालचा एवढा खरा कागद सापडणार नाही, असं माझं मत आहे.

हजेरी संपली की गुरुजी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहितात. वार, तारीख, पट, हजर, गैरहजर. हजरचा आकडा पटाच्या निम्म्यालाही पोचत नाही. उजव्या कोपऱ्यात ‘आजची बातमी’. ती त्यांच्या चामडी कव्हरातल्या ट्रान्झिस्टरवरून येते. सकाळी परभणी आकाशवाणी लावायची, दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्या ऐकायच्या आणि त्यांतली एक पोरांना झेपेल अशी करून फळ्यावर उतरवायची. खर्चाच्या मानानं हा शौकच, कारण सेल महाग. पण गुरुजींचं म्हणणं, गाव उपाशी असलं तरी अडाणी राहू नये.

मंगळवारी फळ्यावर दोन बातम्या आहेत, म्हणजे काहीतरी विशेष. पहिली, काल सुचेतगड इथं भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी अधिकाऱ्यांनी काश्मीरच्या नियंत्रणरेषेच्या नकाशांवर सह्या केल्या. युद्ध संपून वर्ष होत आलंय, चौथीच्या पोरांना मागचा डिसेंबर आठवतो. दुसरी बातमी वाचताना गुरुजींचा आवाज बदलतो. काल मध्यरात्रीनंतर, आपण सगळे झोपेत असताना, दोन माणसं चंद्रावर उतरली. अपोलो सतरा. तिसरा साथीदार वरून चंद्राभोवती फिरतोय.

“आत्ता हायेत ते तिथं, गुर्जी?”

“आत्ता.”

चौथीतली सगळी पोरं एकदम दारातून वर बघतात. चंद्र नाही. दिवसा अकराला कुठून असणार? संध्याकाळी दिसेल, गुरुजी सांगतात. अष्टमी जवळ आली आहे, दिवस बुडताना डोक्यावर अर्धा असेल. मग त्यांतल्या एकाबद्दल सांगतात. हॅरिसन श्मिट. सैनिक नाही, विमान उडवणं ज्याचा मूळ धंदा तसाही नाही. भूगर्भशास्त्रज्ञ. दगड ओळखणारा.

“मंग तिथं काय करतेत?”

“दगड गोळा करतात. हातोडीनं फोडतात, पिशवीत भरतात, इकडं आणतात.”

खोलीत क्षणभर कुणी काही बोलत नाही. मग दाराशी बसलेला चौथीतला पोरगा, ज्याच्या सदऱ्याला एकच गुंडी आहे, विचारतो, “रोज किती पडतो त्याला?”

पोरं हसतात. गुरुजी हसत नाहीत. त्यांना माहीत आहे की या पोराची माय गावाबाहेरच्या रस्त्यावर खडी फोडते, अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून, नाहीतर चिपा लागून बोटं फुटतात. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात म्हणून तुम्हाला आणखी थोडं माहीत आहे. श्मिट आणि त्याचा साथीदार सर्नन तीनदा बाहेर पडतील, दर वेळी सात-सात तास काम करतील आणि ११० किलोंच्या वर दगडमाती घेऊन परततील. पुढची पन्नास वर्षं तिथं माणसाचं पाऊल पडणार नाही. पण तोंड उघडू नका, ऐकू जाणार नाही.

गुरुजी दुपारी गणिताचं पुस्तक मिटून ठेवतात. दोन दोऱ्या, एक फूटपट्टी. अंगणात विटांचे तुकडे चौकोनी रचून ढीग करायला सांगतात. लांबी, रुंदी, उंची. तिन्हींचा गुणाकार केला की घनफूट. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. हे चौथीच्या पुस्तकात नाही, चाचणीत येणार नाही, आणि शाळा तपासायला डिप्टी साहेब आले तर विचारतील की हा काय उद्योग. पण खडीवरची मजुरी ढिगाच्या मापावर ठरते. ढीग मुकादम मोजतो, आकडा मस्टरवर कारकून लिहितो, आणि जिच्या नावावर लिहितो ती बाई अंगठा उठवते. चौथीतली पोरं दोन दिवस दोऱ्या घेऊन जे दिसेल ते मोजत सुटतात. मारुतीचा पार मोजून होतो, सरपंचांच्या ओसरीचा कट्टा मोजून होतो, एक गाढव मोजायचा प्रयत्न फसतो.

बुधवारी हजर एकदम वाढतं, कारण काल संध्याकाळी सुकडीची पोती आली. बातमी न सांगता पसरते. मधल्या सुट्टीच्या आधी घंटा लावायची गरज पडत नाही. ज्यांची नावं सकाळी ‘खडीवर’, ‘ढोरामागं’ अशी पुकारली गेली तीही पोरं दारात उभी. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ, तेल आणि गूळ, हाताला मऊ, किंचित वाळूसारखी, गोड. वाटीनं माप. इथंच बसून खायची, घरी न्यायची नाही, असा नियम आहे आणि तो भिंतीवर लिहिलेलाही आहे.

त्या एका गुंडीच्या सदऱ्याकडं बघा. तो पहिले दोन घास खातो, तिसरा तोंडाशी नेतो आणि खाली आणताना मूठ खिशात जाते. पुन्हा तोंडाशी, पुन्हा खिशात. चघळण्याचं नाटक इतकं बेमालूम की शेजारचासुद्धा फसावा. पण खिशावर तेलाचा डाग उमटत जातो, रुपयाएवढा, मग वाटीएवढा. शाळेतल्या निम्म्या खिशांवर तसाच डाग आहे. गुरुजी रांगेतून फिरतात, प्रत्येक खिसा बघतात आणि नियम लिहिलेल्या भिंतीला पाठ करून उभे राहतात.

घरून आणलेल्या फडक्यात असते मिलोची भाकरी. कंट्रोलची लाल ज्वारी, अमेरिकेची. पीठ मळताना चिकटत नाही, भाकरी थापताना चिरते, तव्यावरून उतरली की तांबूस आणि थंड झाली की चामड्यासारखी. ज्या परभणीच्या काळ्या रानातली ज्वारी लोक दुरून नावाजत यायचे, जिथं याच वर्षीच्या मे महिन्यात मराठवाडा कृषी विद्यापीठ उभं राहिलं, तिथल्या पोरांनी हे खायचं. जुनी माणसं आजही सांगतात की बहात्तरचा दुष्काळ धान्याचा होता, विहिरीच्या तळाला पाणी होतं. आताचे दुष्काळ पाण्याचे. तुम्ही माठातलं पाणी पिऊन बघा. गढूळ आहे, पण आहे.

त्या दिवशी दुपारनंतर न आलेली पोरं हजेरीत ‘हजर’ आहेत, हेही तुमच्या लक्षात येईल. खोटी हजेरी म्हणा. सुकडीचा हिशेब हजेरीवर चालतो, आणि गैरहजर लावलं तर उद्याची वाटी बंद. मी तिला गुरुजींनी त्या वर्षी लिहिलेली सगळ्यात विचारपूर्वक नोंद म्हणेन.

गुरुवारी मुली नाहीत. एकही नाही. चौथीतल्या मुली तशाही बोटांवर मोजण्याएवढ्या, पण आज पहिलीतल्यासुद्धा आलेल्या नाहीत. गुरुजी नावं पुकारतात आणि पोरं खाली बघतात. शेवटी एक जण बोलतो, “मायनं सांगितलं, पोरी उचलून नेतेत. मानवतला नेल्या.” ही बातमी ट्रान्झिस्टरवरची नाही. काल एसटीतून आली, कंडक्टरच्या तोंडून, आणि रात्रीतून घरोघर फिरली. अफवेनं तिला शेपटं फोडली आहेत, पण मुळात ती खरी आहे. मानवतला नोव्हेंबरपासून खून पडायला लागलेत आणि त्यांत लहान मुली आहेत. १९७४ च्या सुरुवातीपर्यंत ही मालिका चालेल, देशभर गाजेल, कोर्टात जाईल. आज इथं, पन्नासेक किलोमीटरांवर, तिचा परिणाम एवढाच की मुलींच्या नावांपुढं आडव्या रेघा. गुरुजी संध्याकाळी घरोघर जाणार आहेत. काहीजणी सोमवारी येतील. काहीजणी कधीच येणार नाहीत, आणि रजिस्टरात कारण पडेल ‘घरकाम’.

फळ्यावर त्या दिवशीची बातमी मात्र चंद्रावर नारंगी माती सापडल्याची. गुरुजींनी ती लिहिली, पण वाचून दाखवायचं विसरले.

शुक्रवारी विशेष काही नाही. म्हणजे आहे, पण जुनं. मारुतीच्या पारावर बसलेला एक म्हातारा खिडकीतून गुरुजींना म्हणतो, आमच्या वेळंला शुक्रवारी शाळा नसायची. निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची. रविवारी पाटी घेऊन जायचं आणि शुक्रवारी ढोरं राखायची. गंमत अशी की १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन संपली तो १७ तारखेचा दिवसही शुक्रवारच. निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली तेव्हा राज्यातल्या शाळांना सुट्टी होती. रविवारची सुट्टी पुढं स्वतंत्र भारताबरोबर आली. म्हाताऱ्याला ती अजून पटलेली नाही.

शनिवारी सकाळची शाळा. शनिवार म्हणजे सारवण. पोरींनी शेण आणायचं, पोरांनी पाणी, चौथीनं हात मारायचा. या शनिवारी शेण नाही. ज्यांची जनावरं होती त्यांनी ती विकली, उरलेली छावणीत. जमीन भेगाळलीय, झाडू मारला की धूळ उठते आणि पहिलीतली पोरं खोकायला लागतात. गुरुजी सारवण रद्द करतात, पाटीवर दीडकी लिहून घेतात. पोरं दीड एके दीड, दीड दुणे तीन म्हणत तालावर डुलतात. थुंकी लावून पाटी पुसतात, कोपरानं कोरडी करतात, पुन्हा लिहितात.

शाळा सुटल्यावर गुरुजी दाखल-खारीजचं रजिस्टर काढतात. तुम्ही मागं उभे राहून बघता. टाक दौतीत बुडतो. पहिलं नाव, तारीख, मग कारणाचा रकाना. या रकान्याला एवढीशी जागा ठेवणाऱ्यानं दुष्काळ पाहिला नव्हता. बैल विकला, बाप रडला, रात्रीतून नगरची वाट धरली, धाकटी वाटेत आजारी पडली. एवढं सगळं एका बोटाच्या जागेत बसवायचं. गुरुजी थांबतात, टाक झटकतात आणि लिहितात, गाव सोडले. पाऊस येईल तो पुढच्या पावसाळ्यात. तोवर, १९७३ च्या मे महिन्यात, महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर असतील. या कामांतूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहील. यांतलं काही गुरुजींना माहीत नाही. त्यांच्यापुढं अजून चार नावं आहेत.

आणि तुम्ही त्या एका गुंडीच्या मागं निघा, कारण तो दोरी गुंडाळत रस्त्याच्या कामाकडं पळतोय. शनिवार पगाराचा. बायका ढिगाशेजारी उकिडव्या बसल्यात, मुकादम टेप घेऊन पुढं, कारकून मस्टर घेऊन मागं. पोराच्या मायचा ढीग नीट चौकोनी रचलेला आहे, दोन दिवसांपूर्वी त्यानंच रचून दिला. मुकादम टेप लावल्यासारखं करतो.

“पाऊण ब्रास.”

कारकून टाक उचलतो. माय अंगठा पुढं करते.

“नाही,” पोरगं म्हणतं. “धा फूट लांब. पाच रुंद. दोन उंच.”

“बाजूला हो रे.”

“धा पाचे पन्नास. पन्नास दुणे शंभर. शंभर म्हंजी ब्रास. पुरा ब्रास हाय, पाऊण न्हाई.”

माय त्याचा सदरा ओढते, गप बस म्हणून. शेजारच्या दोघीतिघी आपापल्या ढिगांकडं बघायला लागतात, आणि हे बघणं मुकादमाला आवडत नाही. कारकून टाक खाली ठेवतो. ते शाळेतलेच, मस्टरवर लावलेले दुसरे गुरुजी आहेत.

“कितवीला रे तू?”

“चौथीला, गुर्जी. तुम्ही तिसरीला होता मला.”

“मग शाळा सोडून इथं कामून आलास?”

“शनवार हाय, गुर्जी. सकाळची शाळा.”

ते मुकादमाकडं हात करतात. “टेप द्या इकडं.”